बजरंगभाऊंची बनवलेली गोष्ट

मावळात अनोळखी माणसानं कागद पुढे करून "इथं जरा सही करा" म्हटलं, की समोरच्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जातात. यात त्याची काही चूक नाही. आजवर इथं ज्यानं ज्यानं सही मागितली, तो जमीन घेऊन गेला. त्या जमिनींवर आता बंगले आहेत, बंगल्यांना पोहायचे तलाव आहेत, आणि शनिवार-रविवारी तलावाकाठी मुंबईचे लोक अर्ध्या चड्डीत कोंबडी भाजत बसतात.

हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात सांगितलं होतं, की क्लायंट समोर आला की आधी संमतीपत्र समजावून सांगा, मग त्यावर सही घ्या, मगच बोला. म्हणून माझ्या कामाच्या पहिल्याच बुधवारी मी लोहगडवाडीत मारुतीच्या देवळासमोर उभी राहिले आणि दिसेल त्याच्यापुढे हसतमुखानं संमतीपत्र धरलं. दुपारपर्यंत वाडीत बातमी पोचली, की नवा एजंट आलाय आणि या वेळी त्यांनी बाई पाठवलीय.

मी आसावरी. राहणार तळेगाव दाभाडे, शिक्षण एम.ए.चं दुसरं वर्ष, विषय समुपदेशन. आमच्या आईच्या भाषेत 'तो वेड्यांचा कोर्स'. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एका वस्तीत जाऊन ठरलेले तास खऱ्या माणसांबरोबर बसावं लागतं, आणि शेवटी एक अख्खं सत्र रेकॉर्ड करून परीक्षकांना ऐकवावं लागतं. ते ऐकवलं नाही तर पास नाही. वराळ्याला एका संस्थेचं मानसिक आरोग्य केंद्र उघडणार होतं, आणि पास झाले तर जूनपासून तिथली जागा माझी होती. घरापासून दहा मिनिटांवर नोकरी! मी तर मनातल्या मनात तिथल्या खुर्च्यांची मांडणीही केली होती.

वर्गातल्या बाकीच्यांनी पुण्यातली चकाचक हॉस्पिटलं पटकावली. धवल नावाचा एक मुलगा तर अशा ठिकाणी गेला, जिथं क्लायंट स्वतःच इंग्रजीतून आपलं निदान सांगायचे. मी मात्र 'समाजात काम करायचंय' असं मुलाखतीत एकदा बोलून गेले होते, त्यामुळे मला लोहगडवाडी मिळाली.

बसायला समाजमंदिराची मागची खोली. तिथं मांडवाचे बांबू, भजनी मंडळाचा पखवाज आणि गावजेवणाची पातेली असतात. मी पातेली सरकवून दोन खुर्च्या शिकवल्याप्रमाणे तिरक्या मांडल्या, म्हणजे माणसाला समोरासमोरचं दडपण येत नाही. एका खुर्चीवर मी बसले. दुसरीवर तीन बुधवार एक मांजर बसलं. त्या मांजराला दडपण अजिबात आलं नाही.

कॉलेजात आम्हाला मुख्य काय शिकवलं, तर सल्ला द्यायचा नाही आणि 'हं' म्हणायचं. या 'हं'चे प्रकार असतात. 'पुढे बोला'चा वेगळा, 'मी ऐकतेय'चा वेगळा, 'हे फार अवघड आहे'चा वेगळा. धवलचा तिसऱ्या प्रकारचा 'हं' ऐकून माणसं हमखास रडतात. माझा ऐकून त्यांना वाटतं, की हिला बस गाठायचीय. आमच्या इंदिरा मॅडम, म्हणजे माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या बाई, म्हणायच्या, "आसावरी, तुझ्या 'हं'मध्ये उतावीळपणा आहे." मग मी गाडीवरून जाता-येता हेल्मेटच्या आत सराव करायचे.

चौथ्या बुधवारी मांजरही आलं नाही. तेव्हा मात्र मी उठले आणि गडाच्या पायऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकानांची रांग आहे, तिथं गेले. कोपऱ्यावर बजरंगभाऊंचं दुकान लागतं. उंच, हडकुळा माणूस, बोलणं कमी.

"भाऊ, पाणी मिळेल?"

"पानी न्हाई. ताक हाय," ते म्हणाले आणि मी काही म्हणायच्या आत ग्लास भरला.

ताक फार छान होतं, पण गडाच्या पायथ्याशी बसून हा माणूस पाण्याच्या बाटल्या ठेवत नाही, याचं मला नवल वाटलं. शेजारच्या दुकानातल्या नंदाबाई खो-खो हसत होत्या. नंदाबाई म्हणजे पिठलं-भाकरी, भजी आणि अख्ख्या वाडीच्या बातम्या.

"त्याच्याकडं पानी मागू नको, पोरी. गेल्या हिवाळ्यापसनं ह्ये नवीन खूळ काढलंय. गिऱ्हाईक पानी मागतंय, ह्यो ताक देतोय. पयलं लय कामाचा गडी हुता. गडावनं कोण पडलं की पयला फोन बजरंगाला. आता फोन बी उचलत न्हाई. गुडघा धरलाय म्हनं." नंदाबाईंनी मला भज्यांची बशी दिली. "तुजं तोंड का उतरलंय? जमीन मिळंना का?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मी एजंट नाही, विद्यार्थिनी आहे. लोकांचं ऐकून घ्यायचं शिकतेय. कुणी आलंच नाही तर मी नापास होणार. सांगता सांगता डोळ्यांत पाणी आलं. माझी अख्खी दोन वर्षं त्या मांजरापायी वाया जाणार होती!

नंदाबाईंनी अतिशय सुरेख 'हं' म्हटलं. मग म्हणाल्या, "म्हंजी परीक्षा हाय व्हय! मग आधी न्हाई का सांगायचं?"

पुढच्या बुधवारी मी पोचले तर दाराबाहेर दोन बायका बसलेल्या. मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी पखवाजाकडे तोंड करून उभी राहिले.

शकुबाईंपासून सुरुवात झाली. त्यांची सासू त्यांच्या जेवणात काहीतरी कालवत होती.

"तुम्हाला भीती वाटतेय," मी म्हटलं. याला भावना परत दाखवणं म्हणतात.

"मंग काय सांगतीय मी? भ्या वाटतंय."

"खूप भीती वाटतेय."

शकुबाई माझ्याकडे जरा काळजीनं बघायला लागल्या. "पोरी, कानाचं दाखवलंस का कुटं?"

त्यानंतर दर बुधवारी कुणी ना कुणी यायचंच. एकीचा नवरा दुसऱ्याच बाईला आपली बहीण म्हणून घरात घेऊन आला होता. एका आजोबांना मेलेला जुळा भाऊ आरशात दिसायचा. मग आला गोरख. अपघातात त्याची स्मृती गेली होती. स्वतःच्या बायकोला तो ओळखत नव्हता, लग्न झाल्याचंही त्याला आठवत नव्हतं. तो हे फार तळमळून सांगत होता, तेवढ्यात बाहेरून मोटरसायकलचा हॉर्न वाजला आणि बाईचा आवाज आला, "अवो, दळण न्यायचंय न्हवं?"

"आलो गं, शालन!" गोरख ओरडला आणि माझी माफी मागून निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावर तरी हिच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. नाही पडला. मी अहवालात लिहिलं, 'विस्मृती अंशतः असावी.' इंदिरा मॅडमनी ते वाचून चष्मा काढला आणि मला विचारलं, "लोहगडवाडीत असं अजून किती जणांना होतंय?" मी अभिमानानं सांगितलं, की गर्दी वाढतेय. त्या फक्त "हं" म्हणाल्या. तो चौथ्या प्रकारचा होता. तो आम्हाला शिकवलेला नाही.

पुढच्या बुधवारी स्वतः शालन आली. खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माजी स्मृती गेलीय."

मी म्हटलं, "तुमची? गोरखभाऊंची गेली होती ना?"

शालनचा चेहरा पडला. "त्यांनी ह्येच सांगितलं व्हय? घ्या! मंग माझ्यासाटी काय ऱ्हायलं?" आणि तिला असं हसू फुटलं, की खुर्ची मागे जाऊन पातेल्यांवर आपटली.

मी तशीच उठून नंदाबाईंच्या दुकानात गेले. अंगात नुसता जाळ झाला होता. नंदाबाई शांतपणे कांदा चिरत होत्या.

त्या म्हणाल्या, त्यात एवढं काय? मारुतीच्या दिव्याची पाळी असते वाडीत. आठवड्याला एक घर तेल घालतं, दिवा लावतं, दुसऱ्या आठवड्याला पुढचं घर. वाडीनं बसून ठरवलं, की ज्या घरी दिव्याची पाळी, त्याच घरानं बुधवारी पोरीकडं माणूस पाठवायचा. म्हणजे कुणावर भार नको आणि पोरगी पास. या बुधवारी शेजारच्या घरात कुणाला जमलं नाही, म्हणून त्यांच्या बदली शालन आली. काय सांगायचं हे न सुचणाऱ्यांनी टीव्हीवरच्या मालिकेतनं उचलायचं.

"आणि संमतीपत्रावर तुम्ही सह्या केल्यात त्या?"

"आपल्या नावाची कशाला करंल कोन?" नंदाबाईंना माझ्या भाबडेपणाची कीव आली. "शकी तर तिच्या सासूच्या नावानं करून आली. म्हातारीला जाऊन लय वर्सं झाली, तिला कोन इचारतंय!"

मला रडावं की ओरडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. माझे सगळे तास खोटे होते. ज्या सासूबद्दल मी चार पानं लिहिली होती, ती भिंतीवर हार घालून बसली होती. नंदाबाई मला थोपटत राहिल्या आणि म्हणाल्या, "परीक्षेवाल्यास्नी काय कळतंय? पुडच्या बुधवारी बजरंगाच्या घरची पाळी हाय. त्याला काय बनवायला जमतंय का बघ. लय मुका गडी."

तो आठवडा मी घरात भांडी आपटण्यात घालवला. परीक्षा तोंडावर होती. रेकॉर्डिंग ऐकवायचं तर कुठलं ऐकवायचं? सासूचं, की स्मृतीचं? शेवटी ठरवलं, की बजरंगभाऊ जे काय बनवून सांगतील ते रेकॉर्ड करायचं आणि तेच परीक्षकांच्या गळ्यात मारायचं. त्यांनी मला फसवलं, मी कॉलेजला फसवते. हिशेब पूर्ण!

बजरंगभाऊ आले ते हातात ताकाचा तांब्या घेऊन. ते दार लावायला गेले, पण त्या दाराला कडी नाही, म्हणून मांडवाचा एक बांबू टेकवून ठेवला. मी त्यांना विचारून फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि हाताची घडी घालून बसले. असं बसायचं नसतं. मी बसले.

"बोला भाऊ. सासू, की स्मृती?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "न्हाई. येक माणूस हाय. बनवलेला. लांबच्या गावचा, हितला न्हाई."

"बरं."

"तिकडं बी येक गड हाय. त्या गडावनं येक पोरगं पडलं. कॉलेजातलं असंल. ह्या माणसाला फोन आला, ह्यो गेला. नेहमीच जायचा. पोराला स्ट्रेचरवर घेतलं, चौघांनी उचललं. ह्यो डोक्याकडनं. उतरताना काय व्हतं, की पोराचं तोंड उलटं, आन् ह्याच्या पोटापाशी. बघायचं न्हाई म्हनलं तरी दिसतंय."

मी घडी सोडली. कधी सोडली ते कळलं नाही.

"पोरगं बोलत हुतं. पानी मागत हुतं. काका, पानी. रेस्क्यू टीमचा पोरगा म्हनला, पोटात मार हाय, पानी द्यायचं न्हाई. त्याचं बरूबरच हुतं. मंग ह्यो काय म्हनला, की खाली गेल्यावर देतो. दर पायरीला ते मागायचं, आन् ह्यो दर पायरीला म्हनायचा, खाली गेल्यावर देतो, बाळा. गणेश दरवाज्यापाशी मागायचं थांबलं. ह्या माणसाला वाटलं, बरं झालं, जरा झोप लागली."

बाहेर देवळाची घंटा कुणीतरी वाजवली. बजरंगभाऊ ती पूर्ण थांबेपर्यंत थांबले.

"खाली आल्यावर ह्यानं बाटली उघडली बी. झाकान काढून उभा ऱ्हायला." त्यांनी माझ्याकडे न बघता टोपीची घडी घातली, मोडली, परत घातली. "न्हाई म्हनला असता तर चाललं असतं. देत न्हाई, म्हनायचं. सपलं. पर ह्यो देतो म्हनला."

गणेश दरवाजा. लांबच्या गावच्या गडाला नव्हे, तो आमच्याच लोहगडाला आहे. समाजमंदिराच्या दारात उभं राहिलं तर तिथली तटबंदी दिसते. आणि मला तो पहिला ग्लास आठवला. पाणी न्हाई, ताक हाय. सगळी वाडी ज्याला खूळ म्हणून हसत होती ते माझ्यासमोर टोपीची घडी घालत बसलं होतं, आणि ते म्हणत होतं, की मी बनवलेलं आहे.

मी 'हं' म्हणायला गेले तर घशातून काहीतरी भलताच आवाज आला. धवलनं ऐकला असता तर पोट धरून हसला असता. मला त्या माणसाचा हात धरावासा वाटत होता. तेही करायचं नसतं. मी माझ्याच खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

एक गोष्ट मात्र अशा वेळी विचारायचीच असते, तोंड वाकडं झालं तरी. मी विचारलं, "त्या माणसाला... जगूच नये, असं वाटतं का कधी?"

बजरंगभाऊंनी नीट विचार केला. "न्हाई. त्याला झोपावं वाटतं."

मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, तांब्या माझ्याकडे सरकवला आणि एकदम दुकानदारासारखे म्हणाले, "जमलं का, मॅडम? पडतील का मार्क?"

आता यावर काय बोलायचं? 'भाऊ, ही तुमचीच गोष्ट आहे' म्हटलं असतं, तर बांबू बाजूला करून ते गेले असते आणि परत या खोलीत फिरकले नसते. 'छान जमलं' म्हटलं असतं, तरी फिरकले नसते, कारण पुढच्या आठवड्यात पाळी पुढच्या घरची. मी डोळे पुसले आणि जमेल तेवढ्या तुसडेपणानं म्हटलं, "नाही जमलं. अर्धवट आहे. त्या माणसाचं पुढे काय झालं, याचा पत्ताच नाही. असं ऐकवलं तर मी नापास होईन. तुम्हाला परत यावं लागेल."

त्यांनी दाराचा बांबू बाजूला केला. "व्हय," म्हणाले. "येतो मंग."

तिथून मी थेट नंदाबाईंकडे गेले आणि भरपूर आवाज चढवून तक्रार केली. शकुबाईंची गोष्ट बरी होती, गोरखची बरी होती, पण बजरंगभाऊंना खोटं बोलताच येत नाही! त्यांची तयारी होईपर्यंत दर बुधवारी मला तेच पाहिजेत.

वाडीनं हे फार मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून येणारा-जाणारा बजरंगभाऊंना बोल लावायला लागला. "बजरंग्या, येक गोष्ट धड बनवता येईना व्हय तुला?" गोरखनं त्यांना मालिकेचे जुने भाग बघायला सांगितले. आणि बुधवार आणि दिवा एकत्र बांधलेला असल्यामुळे मारुतीच्या दिव्याची पाळीही त्यांच्याच गळ्यात पडली. नियम म्हणजे नियम. दर आठवड्याला तेही तेच आणि तेलही त्यांचंच.

बजरंगभाऊ ऐकून घ्यायचे. बुधवारी दिवा लावायचे, मग खोलीत येऊन बांबू टेकवायचे आणि 'त्या माणसाचं' पुढचं सांगायचे.

आता राहिलं रेकॉर्डिंग. ते कानाला लावून इंदिरा मॅडमनी पूर्ण ऐकलं. ऐकायचा अधिकार त्यांना होता, आणि मला दुसऱ्या कुणाला तरी विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायची हिंमत नव्हती. आधीचे सगळे तास खोटे आहेत, हेही मी त्यांना सांगून टाकलं, दिव्याच्या पाळीसकट. गोरखच्या स्मृतीचा किस्सा ऐकताना त्या खोकल्यासारखं करत होत्या, पण तो खोकला नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "हे सत्र ऐकवलंस तर पास होशील."

"ऐकवता येणार नाही, मॅडम. त्यांनी हो म्हटलंय ते बनवलेल्या गोष्टीला. ही बनवलेली नाही."

"मग नापास होशील. वराळ्याची जागाही जाईल."

"व्हय," मी म्हटलं. वाडीचं बोलणं आता माझ्या तोंडात बसलं होतं.

मॅडमनी फोन मला परत दिला. "पूस ते. आणि पुढची सहामाही त्याच वाडीत काढ. या माणसाबरोबर कसं बसायचं, ते आपण दर सोमवारी बोलू. झोप फारच बिघडली तर डॉक्टरांकडेही न्यावं लागेल, त्याची तयारी ठेव." आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "तुझा तो घशातला आवाज, आसावरी. तो चांगला होता."

वराळ्याची जागा धवलला मिळाली. त्यानं खुर्च्या चुकीच्या मांडल्यात, मी बघून आले.

वाडीत माझ्या नापास होण्याचं सुतक पाळलं गेलं. नंदाबाईंनी बजरंगभाऊंना सगळ्यांसमोर झापलं, "तुझ्यामुळं पोरगी गेली! इतकी घरं झाली, कुनाचं नडलं न्हाई, तुझंच नडलं!" बजरंगभाऊ ताक घुसळत राहिले. मला इतकं वाईट वाटलं, की खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. त्यांनी रवी तशीच धरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली. मी तोंड मिटलं.

त्यांची बायको अनितावहिनी मला एकदा हापशावर भेटली. म्हणाली, "लय वाईट बनवतो न्हवं ह्यो गोष्ट?"

"फार वाईट," मी म्हटलं.

"बनवू द्या," ती म्हणाली. "बुधवारचा तेवढा झोपतोय." आणि कळशी कमरेवर घेऊन निघून गेली.

बुधवार जात राहिले. एकदा सांगता सांगता 'ह्यो माणूस'चं 'मी' झालं. "मी त्याच्या आईला बघितलं नंतर," असं ते म्हणाले. आम्ही दोघंही तिथं थांबलो नाही. पुढच्या वाक्यापासून 'मी'च चालू राहिला, आणि लांबचं गाव परत कधी आलं नाही. झोप आता बुधवारखेरीजही अधूनमधून लागत होती. पाण्याच्या बाटल्या मात्र दुकानात नव्हत्याच. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि मॅडम म्हणाल्या, की तेच बरोबर आहे. मला स्वतःला ते बरोबर वाटत नव्हतं. मला वाटत होतं, की मी काहीच करत नाही, फक्त बांबू टेकवलेल्या खोलीत बसून एका चांगल्या माणसाला तेच-तेच आठवायला लावतेय. कधी कधी घरी जाताना हेल्मेटच्या आत रडायचे.

अशाच एका बुधवारी ते म्हणाले, "मॅडम, तुमी दर येळी पायऱ्यांचं इचारता. तुमी गड चढलाय का कवा?"

नव्हते चढले. एवढे महिने गडाच्या पायथ्याशी येत होते आणि वर एकदाही गेले नव्हते. वाडीत यावरून माझी यथेच्छ चेष्टा चालायची.

म्हणून पुढच्या वेळी सकाळीच आले आणि चढले. एकटीच. तो रस्ता मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा उतरले होते, की चढताना सगळंच उलटं वाटत होतं. गणेश दरवाज्यापाशी थांबले, हात टेकला, वर जाऊन आले. परत उतरताना ऊन कडक झालं होतं, आणि मी मूर्खासारखी बाटली खालीच गाडीच्या डिकीत विसरले होते. पायऱ्या संपेपर्यंत जीभ टाळूला चिकटली. डोकं चालेनासं झालं. रस्त्यावर आले, समोर पहिलं दुकान लागलं, आणि मी बाकावर कोसळत म्हटलं, "भाऊ, पाणी."

म्हटलं आणि जीभ चावली. पण शब्द गेला होता. शेजारच्या दुकानात नंदाबाईंची सुरी कांद्यावर थांबली.

बजरंगभाऊंचा हात सवयीनं ताकाच्या मडक्यावर गेला आणि तिथंच राहिला. मी म्हणणार होते, की ताक द्या, ताकच हवंय मला. म्हणवेना. ते वळले आणि आत गेले. मग घरच्या पिण्याच्या माठाचं झाकण वाजलं.

बाहेर आले तेव्हा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. माझ्यासमोर उभे राहिले. इतके महिने मला मॅडम म्हणणारा माणूस.

"खाली आलीस न्हवं?" ते म्हणाले. "मंग पी."

मी प्यायले. तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायले, आणि ते शेवटपर्यंत बघत उभे राहिले.